सोने नव्वद टंच, नाणे बनावट

जुनी, दुर्मिळ सोन्याची नाणी विकत घेणाऱ्यांनी हे वाचावे, आणि सोन्याची पारख आहे म्हणून जे निर्धास्त असतात त्यांनी तर नक्कीच. मला विकलेल्या नाण्यात सोने सांगितले तेवढेच होते. वजन बरोबर, टंच बरोबर, पाण्यात बुडवून काढलेली घनताही बरोबर. तरीही मी साडेआठ हजार युरो मोजले आणि हाती आला पाच-सव्वापाचशे युरोंचा सोन्याचा तुकडा. प्रकार 2023 मधला, जर्मनीतल्या स्टुटगार्टचा. विकणाऱ्याचे नाव मी देत नाही, त्याची कार्यपद्धती मात्र जेवढी उलगडली तेवढी सगळी सांगतो.

नाणे होते 500 कुनांचे, साल 1941, दुसऱ्या महायुद्धातल्या ‘क्रोएशियाच्या स्वतंत्र राज्या’चे. 10 एप्रिल 1941 रोजी जर्मन फौजा क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी हे राज्य जाहीर झाले. नाव स्वतंत्र, पण उभे होते हिटलर आणि मुसोलिनीच्या टेकूवर. सत्ता आन्ते पावेलिच आणि त्याच्या उस्ताशी संघटनेच्या हाती. यासेनोवात्सची छळछावणी याच राज्याने चालवली. सर्ब, ज्यू, रोमा आणि राजवटीला नको असलेले क्रोएट तिथे मारले गेले. तिथल्या स्मारकाच्या यादीत 83,145 बळींची नावे आहेत. मे 1945 मध्ये राज्य कोसळले.

या चार वर्षांच्या राज्याने युगोस्लाव्ह दिनार काढून कुना आणला. एका कुनाचे शंभर बानित्सा. व्यवहार जवळपास सगळा कागदी नोटांवर. युद्धात तांबे आणि निकेल दारूगोळ्याकडे गेल्यामुळे नाणी पाडली ती जस्ताची. त्यातले 1941 चे दोन कुनांचे नाणे आजही युरोपच्या जुन्या बाजारांत दोन-चार कॉफीच्या पैशांत मिळते. नाण्यांची रचना इवो केर्दिच या क्रोएशियन शिल्पकाराची. केर्दिच हे पदकांच्या कामातले मोठे नाव. सोन्याचे 500 कुनांचे नाणे मात्र लोकांच्या हातात कधी गेलेच नाही. नाणे चलनात आणायच्या आधी ते कसे दिसेल हे दाखवायला थोडे नग पाडतात, त्यांना संग्राहक ‘पॅटर्न’ म्हणतात. हे त्यातले. म्हणून ते दुर्मिळ, आणि म्हणूनच ठगांच्या कामाचे.

मी युद्धकाळातली जस्ताची नाणी जमवतो. जर्मनीने व्यापलेल्या देशांत ती सगळीकडे पाडली गेली: बेल्जियम, हॉलंड, सर्बिया, बोहेमिया-मोराव्हिया. दिसायला रडकी, राखाडी, आणि दमट हवेत ठेवली तर अंगावर पांढरी भुकटी धरणारी. त्यांच्यात गुंतवणूक वगैरे काही नाही. आवड म्हणायची. ही आवड त्या माणसाला पहिल्या भेटीतच कळली, कारण जुन्या बाजारात त्याच्या टेबलावर मी फक्त जस्त चाळत होतो.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, नीटनेटका, बोलायला गोड. आईवडील साठच्या दशकात कामासाठी जर्मनीत आले, असे सांगायचा. स्टुटगार्टात अशी क्रोएशियन कुटुंबे हजारोंनी आहेत, तेव्हा त्यात संशय घ्यावा असे काही नव्हते. पुढचे काही महिने त्याने मला जे विकले ते सगळे अस्सल होते आणि बाजारभावापेक्षा स्वस्त होते. दोन कुनांची छान जपलेली नाणी, 1941 च्या नोटा, सर्बियाचे 1943 चे दहा दिनार. एकदा तर मी निवडलेली नोट त्याने स्वतःच मागे घेतली. “ही घेऊ नका, हिला खालून डिंकाने चिकटवलंय,” म्हणाला. त्या एका वाक्याने त्याने जो भरवसा कमावला तो नोटेच्या किमतीच्या कितीतरी पट होता. आता मागे वळून पाहता वाटते, ती नोट त्याने त्यासाठीच टेबलावर ठेवली असावी.

सोन्याच्या नाण्याचा विषय त्याने काढलाच नाही, मला काढायला लावला. बोलता बोलता म्हणाला, आजोबांचे भाऊ युद्धात झाग्रेबच्या टांकसाळीत होते, त्यांनी मागे एक वस्तू ठेवली आहे, पण ती विकायची नाही. मग विषय बदलला. पुढच्या भेटीत मीच विचारले. मग एक जुने ओळखपत्र निघाले, 1942 चे, शिक्क्यासह. आडनाव वेगळे होते. आईकडचे नातेवाईक म्हणून वेगळे, असे स्पष्टीकरण. ओळखपत्र खरेच होते. मी नंतर दोघांना दाखवले, दोघेही म्हणाले खरे आहे. पण अशी कागदपत्रे बाजारात पाच-दहा युरोंना मिळतात आणि ती कोणाचीही असू शकतात.

त्यावर इतिहासाची फोडणी. मे 1945 मध्ये पळून जाताना उस्ताशींनी सोने आणि दागिने झाग्रेबच्या कापतोल भागातल्या फ्रान्सिस्कन मठात लपवले होते, आणि 1946 मध्ये युगोस्लाव्ह सरकारला ते सापडले. ही गोष्ट खरी आहे. उरलेल्या लुटीचे काय झाले यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 1998 मध्ये अहवाल काढला, 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात व्हॅटिकन बँकेविरुद्ध दावाही लागला आणि पुढे तो फेटाळला गेला. हेही खरे. तो म्हणायचा, “घरी जाऊन वाचा, मग माझ्यावर विश्वास ठेवा.” मी वाचले, सगळे जुळले. त्याने सांगितलेले जे जे मला तपासता येत होते ते खरे निघायचे. जे तपासता येत नव्हते ते एकच होते, आणि तेच तो विकत होता.

“मग लिलावात का देत नाही?” हा प्रश्न मी विचारला होता. उत्तर तयार होते: नाण्यावर उस्ताशींचे चिन्ह आहे, मोठी लिलावगृहे असल्या राजवटीच्या वस्तूंना हात लावत नाहीत, क्रोएशियात कायद्याची कटकट, शिवाय घराण्याची बदनामी. ऐकायला पटते. पण ते खोटे आहे. त्या राज्याची नाणी, नोटा आणि पदके युरोपातल्या नामांकित लिलावांत उघड विकली जातात, छापील सूचीत छायाचित्रासह येतात. एखादी वस्तू बदनाम आहे म्हणून गुपचूप विकावी लागते असे कोणी सांगितले, तर ती गुपचूप का विकायची आहे याचे खरे कारण दुसरेच असते.

आता सोन्याविषयी. मी मूळचा विट्याचा. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोने-चांदी गाळायचे, शुद्ध करायचे. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालले. मी इंजिनियर होऊन बाहेर पडलो, पण लहानपणी मुशीतल्या सोन्याचा रंग पाहून आबा टंच सांगायचे ते ऐकतच मोठा झालो. त्यामुळे नाणे हातात आले तेव्हा मी जे केले ते आमच्या घरातले कोणीही करेल. काट्यावर ठेवले: 9.95 ग्रॅम, तो सांगत होता तेवढेच. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला, नाणे बारीक दोऱ्याला बांधून तळाला टेकणार नाही असे पाण्यात सोडले. काट्याने 0.58 दाखवले. 9.95 ला 0.58 ने भागले की सतराच्या थोडे वर येते, आणि नव्वद टंच सोने व दहा टक्के तांबे यांची घनता तेवढीच असते. आत टंगस्टनचा गाभा असता तर आकडा आणखी वर गेला असता, पितळ असते तर निम्म्यावर. नंतर एका सोनाराकडे क्ष-किरण यंत्राखाली ठेवले, तिथेही 900, म्हणजे हजारात नऊशे भाग सोने.

विकणाऱ्याने हे सगळे हसतमुखाने करू दिले. मला हव्या त्या सोनाराकडे माझ्याबरोबर आला. सोनाराने शिक्क्यानिशी लिहून दिले: सोने 900, वजन 9.95. तो कागद मी प्रमाणपत्र म्हणून जपून ठेवला. त्यात नाण्याबद्दल एक अवाक्षर नाही, आणि सोनाराने नाण्याबद्दल काही लिहावे हे त्याचे कामही नव्हते.

सौदा बारा हजारांवरून साडेआठवर आला. थोडी रोकड, बाकी बँकेतून. पावतीवर त्याने सुबक अक्षरात लिहिले: ‘सोन्याचे पदक, 900, वजन 9.95 ग्रॅम, खासगी विक्री, हमी नाही.’ मी म्हटले, नाणे लिहा ना, 500 कुना, 1941. तो म्हणाला, “तसं लिहिलं तर उद्या माझे भाऊ हिस्सा मागायला येतील.” फोनवरच्या लेखी निरोपांतही त्याने कुठे ‘नाणे’ म्हटलेले नाही. सगळीकडे ‘तो नग’.

भांडे फुटले ते झाग्रेबला. ऑफिसातला एक क्रोएशियन सहकारी सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्याबरोबर मीही गेलो. झाग्रेबच्या ब्रिटान्स्की त्र्ग चौकात रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. चहाच्या कपांपासून लष्करी बिल्ल्यांपर्यंत सगळे फडक्यांवर मांडलेले. तिथे सहकाऱ्याच्या ओळखीचे एक वयस्कर संग्राहक भेटले. मी खिशातून डबी काढली. त्यांनी नाण्याच्या दोन बाजू जेमतेम पाहिल्या, मग भिंग लावून कडेजवळचा एक ओरखडा बराच वेळ पाहत बसले. घड्याळातल्या चारच्या जागी, अक्षरे आणि कड यांच्या मधे, तिरपा, गव्हाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा. मला तो आवडायचा. जुन्या वस्तूवर एखादी खूण हवीच, असे वाटायचे.

त्यांनी आम्हाला घरी नेले आणि एका जुन्या लिलावाच्या सूचीतले छायाचित्र समोर धरले. तेच नाणे, तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच तिरपेपणाने. क्षणभर मला आनंद झाला: म्हणजे माझे नाणे लिलावात येऊन गेलेले! ते म्हणाले, “नाही. ते नाणे कोणाकडे आहे ते मला माहीत आहे.” मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि काय पाहायचे ते सांगितले. धातूवर खरा ओरखडा पडतो तेव्हा धातू नांगरल्यासारखा बाजूला सरतो. चराच्या काठावर बारीक, धारदार वरंबा उठतो, आणि चराचा तळ बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळा चमकतो. माझ्या नाण्यावरच्या ओरखड्याला वरंबाच नव्हता. काठ गोल, मऊ, आणि तळाची चमक अगदी आजूबाजूसारखी. म्हणजे तो ओरखडा नाण्यावर कधी पडलाच नव्हता. तो ठशातच, म्हणजे ज्याने नाणे पाडतात त्या साच्यातच होता. नाण्याबरोबर ‘छापून’ आला होता.

मग बाकीचेही दिसू लागले. अक्षरांच्या पायथ्याशी, सपाट भागात, एकमेकांना समांतर अतिबारीक रेघा: यंत्राच्या कोरणीच्या. जुन्या पद्धतीने बनवलेल्या ठशात त्या येत नाहीत. उठाव काही ठिकाणी नको तेवढा उंच, काही ठिकाणी बसका. छायाचित्रात उंची दिसत नाही, फक्त सावली दिसते. संगणकावर ठसा तयार करणाऱ्याने सावलीवरून उंचीचा अंदाज बांधला आणि जिथे प्रकाश एका बाजूने पडला होता तिथे तो चुकला. नाण्यावरचा ओरखडा हा नाण्याचा भाग नाही, एवढेही त्याच्या लक्षात आले नाही. खरे सोने, नव्वद टंच, त्यावर घरगुती ठसा.

साधी गिनी कोणी बनावट केली तर मिळकत किती? सोने खरे घालायचे तर जवळजवळ काहीच नाही. शिवाय गिन्या लाखोंनी आहेत, सोनाराच्या ड्रॉवरमधून दहा काढून शेजारी ठेवल्या की अकरावी खोटी लगेच डोळ्यात भरते. ज्या नाण्याचे नग मोजकेच आहेत ते बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिलेले असते. शेजारी ठेवायला काही नसते. दुर्मिळतेमुळे किंमत वाढते तशी ताडून पाहण्याची सोयही संपते, आणि बनावट करणारा नेमका त्या फटीतून आत येतो. सोने खरे घालायचा खर्च त्याला परवडतो, कारण ते घातले की गिऱ्हाईक स्वतःच त्याच्या बाजूने साक्ष देते.

ही युक्ती नवी नाही. होसे बेराहा नावाचा, स्कोप्येचा म्हणजे युगोस्लाव्हियातलाच एक माणूस, युद्ध संपल्यावर इटलीत मिलानला सॉव्हरिन ही ब्रिटिश सोन्याची नाणी पाडत होता. पुरेपूर वजनाची, पुऱ्या सोन्याची. तेव्हा सॉव्हरिनला तिच्यातल्या सोन्यापेक्षा बरीच जास्त किंमत यायची, तो फरक हीच त्याची कमाई. तो स्वित्झर्लंडमध्ये पकडला गेला, तेव्हा तिथल्या न्यायालयाने त्याला इटलीच्या हवाली करायला नकार दिला. सॉव्हरिन आता चलनात नाही, मग हे बनावट चलन कसे, असा त्याचा बचाव होता आणि तो टिकला.

माझ्या माणसाने न्यायालयापर्यंत जायची वेळही येऊ दिली नाही. फोनवर शांतपणे म्हणाला, “तुम्ही सोन्याचं पदक घेतलंत, सोन्याचं पदक मिळालं. पावती वाचा.” वकिलांनी सांगितले की जर्मन कायद्यात खासगी विक्रेता हमी नाकारू शकतो, पण जाणूनबुजून फसवले असेल तर ती पळवाट चालत नाही. मात्र त्याला ठाऊक होते हे सिद्ध करावे लागते, आणि तो म्हणणार, मलाही आजोळकडून असेच मिळाले. पोलिसांनी तक्रार घेतली. काही महिन्यांनी सरकारी वकिलाचे पत्र आले: हेतू सिद्ध होण्याइतका पुरावा नाही, प्रकरण बंद. पावतीवर ‘500 कुना, 1941, अस्सल’ एवढे शब्द असते तर ते पत्र वेगळे आले असते, असे माझ्या वकिलांचे मत. भावांचा हिस्सा कोणी मागितला असता की नाही, देव जाणे.

आबांना फोन केला. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “सोनं बरोबर हाय नव्हं? मग मुशीत घाल आन् सुटा हो.” धंद्याच्या माणसाचा हिशेब बरोबर आहे, पण मी ते वितळवलेले नाही. ते पुरावा आहे.

आपल्याकडच्या वाचकांना हे सगळे लांबचे वाटत असेल, तर शिवराई होन आठवा. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन म्हटले की कोणाचेही हात थरथरतात. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम, अस्सल नग अगदी मोजके. तो ‘घराण्यातला’ म्हणून दाखवणारे मात्र जागोजागी भेटतात, आणि त्यातल्या काहींचे सोने अगदी खरे असते. घेणारा कसोटीवर घासून बघतो, कस उतरला की डोळे मिटून पैसे देतो. इथेही गोष्ट तीच: गडावर सापडला, सरकारजमा होईल म्हणून बोलता येत नाही, तुम्ही घरचे म्हणून दाखवतो.

अशा नाण्यासाठी मी आता सोनाराकडे सगळ्यात शेवटी जाईन. आधी विचारायचे: हे याआधी कधी, कुठे, कोणत्या लिलावात विकले गेले, त्याचे छायाचित्र कुठे आहे? छायाचित्र मिळाले की जुळणाऱ्या खुणा पाहून हुरळायचे नाही, त्या खुणा खऱ्या आहेत का ते भिंगाखाली बघायचे. क्रोएशियन नाण्यांसाठी विचारायला जागा आहेत. झाग्रेबला 1928 पासून क्रोएशियन नाणकशास्त्र मंडळ आहे, तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयाचा नाणेसंग्रह युरोपातल्या मोठ्या संग्रहांत मोजला जातो. पैसे द्यायच्या आधी एक पत्र लिहिणे कठीण नव्हते. विक्रेत्याला तज्ज्ञाचे नाव सांगा आणि त्याचा चेहरा बघा. सोनाराकडे हसत येणारा तिथे यायला सबब शोधतो. आणि पावतीवर वस्तूचे खरे नाव लिहायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

हे आत्ता लिहायचे कारण असे की मागच्या महिन्यात झाग्रेबच्या त्या वयस्कर संग्राहकांचा सहकाऱ्याला निरोप आला. व्हिएन्नात एकाला 500 कुनांचे सोन्याचे ‘पॅटर्न’ दाखवले गेले आहे, गोष्ट जवळपास तीच, फक्त आजोबांच्या भावाऐवजी या वेळी मठातला पाद्री. त्यांनी छायाचित्र मागवून पाहिले. घड्याळातल्या चारच्या जागी, अक्षरे आणि कड यांच्या मधे तिरपा ओरखडा, वरंबा नसलेला. त्या ठशातून आणखी किती निघालीत कोणास ठाऊक. कोणी तुम्हाला हे नाणे दाखवले तर आधी तिथे बघा, आणि ओरखडा दिसला तर फोटो काढून घ्या. विकणाऱ्याला काही बोलू नका, सरळ पोलिसांकडे जा. दुसरा तक्रारदार मिळाला तर माझे प्रकरण पुन्हा उघडता येईल, असे वकील म्हणतात.